गब्दुलची अपुरी रेघ

गब्दुलबद्दल मी इतक्या ठिकाणी बोलले आहे, की माझ्याकडे सांगायचं अजून काही उरलं असेल असं तुम्हाला वाटणार नाही. उरलंय. घरात नवऱ्यालाही ठाऊक नाही ते.

गब्दुल म्हणजे मी केलेला टाइप, अक्षरांचा फॉन्ट — केलेला, असं आपलं म्हणायचं. जाड, गुबगुबीत अक्षरं. 'ठ' बघितला की गाल ओढावासा वाटतो. तुम्ही तो पाहिला असणारच. चिक्कीच्या पाकिटावर, विरारच्या बालवाड्यांच्या पाट्यांवर, हळदीच्या बॅनरवर. कॉलेजात शिकवताना मी मुलांना बजावते — गब्दुल मोठ्या आकारात वापरा, दोन-तीन शब्दांपुरताच, आणि आनंदाच्या जागी. दुःखाच्या बातमीला मुळीच नको.

आणि त्याची ती खोड — शब्दातल्या शेवटच्या अक्षराची शिरोरेषा अर्ध्यातच थांबते. खट्याळ म्हणतात लोक तिला. हे सगळं सुचलं कुठून, असं कोणी विचारलं की मी आमच्या गिरीजच्या वाडीतल्या केळीच्या घडाची गोष्ट सांगते. टम्म भरलेली केळी, टोकाला एक अर्धवट राहिलेलं. गोष्ट छान आहे, लोकांना आवडते. ती खोटी आहे.

अक्षरं अर्नाळ्याच्या जनूकाकांची. बोटींवर नावं रंगवायचे ते. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी, पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असताना, मी पंधरा दिवस त्यांच्या शेजारी बसून होते. ब्रश रंगात पुरता बुडवायचा आणि अक्षराचं पोट भरेपर्यंत उचलायचा नाही, ही त्यांची पद्धत. उपाशी अक्षर लांबून दिसत नाही, म्हणायचे. दुपारी काकी मला भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढायच्या. मी फोटो काढत गेले. प्रत्येक बोटीवर शेवटच्या अक्षराची रेघ काकांनी अपुरी सोडलेली. का, ते मी विचारलंच नाही. मला ती दिसायला आवडली होती — कारण कळून मला काय करायचं होतं?

पुढे त्या फोटोंवरून अक्षरं गिरवली, उरलेली त्यांच्याच वळणाने काढली, आणि खाली नाव घातलं माझं. त्यांचं नाव लिहायला एक ओळ पुरली असती. जागाही होती.

मग वसईत प्रदर्शन लागलं आणि काका आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, मुद्दाम रिक्षा करून. भिंतभर लावलेल्या गब्दुलसमोर बराच वेळ उभे राहिले आणि मग माझ्याकडे वळले. माझ्याभोवती माणसं होती — कौतुक करणारी.

"बाय, शेवटचं अक्षर अपुरंच ठेवलंस? ते कोन पुरं करनार?"

"ती माझी शैली आहे," मी म्हटलं. आणि — इथवर मी कधी येतच नाही, मनातसुद्धा — पुढे विचारलं, "आपण कोण?"

पंधरा दिवस त्यांच्या घरचं जेवलेली मी. ते रागावले नाहीत. "कोनी नाय," म्हणाले, दाराशी वाकून चपला घातल्या आणि गेले. मी पुढच्या माणसाशी बोलायला लागले. घाबरले होते का? हो. पण हसत बोलत होते, हेही खरं.

पुढच्या हंगामात गोखिवऱ्याच्या एका दुकानात बोटींच्या नावांची स्टिकरं कापून मिळू लागली, गब्दुलमध्ये. अर्ध्या तासाचं काम. मग काकांना कोण बोलावणार? त्यांच्याच अक्षरांनी त्यांच्या पोटावर पाय दिला. अक्षरांनी कशाला — मी दिला.

ते गेल्याचं मला अर्नाळ्याच्या नाक्यावर कळलं. फ्लेक्स लागला होता. भावपूर्ण श्रद्धांजली — गब्दुलमध्ये. फ्लेक्सवाल्याला माझा नियम कोण सांगायला गेलंय? गुबगुबीत अक्षरांखाली काकांचा फोटो, आणि शेवटच्या अक्षरावर ती अर्धी रेघ. मला तिथे उभं राहवेना.

तशीच काकांच्या घरी गेले. काकींनी मला जवळ बसवलं आणि आपणहून सांगायला लागल्या. शेवटची रेघ काका मुद्दाम सोडायचे. नारळी पौर्णिमेला, बोट पाण्यात ढकलायच्या आधी, त्या घरची बाई ब्रश घेऊन ती पुरी करायची. घरच्या हाताने नाव पुरं झालं की बोट घरी परतते, असं काका मानत. यंदा पुतण्याच्या बोटीला स्टिकर लागलं. तरी सवयीने काकी ब्रश घेऊन गेल्या, आणि बघतात तर रेघेची जागा मोकळी.

"आमच्यासाठी जागा ठेवलीस गो बाय तू," त्या माझा हात धरून म्हणाल्या. "मी त्यांना येऊन बोलली, पोरगी इसरली नाय आपल्याला."

काका काय म्हणाले, ते मी घाबरत विचारलं.

"ते कायच बोलले नाय. नुसती मान हलवली."

म्हणजे प्रदर्शनातलं त्यांनी घरी सांगितलंच नव्हतं. काकींनी माझा हात अजून सोडला नव्हता. त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"हो काकी," मी म्हटलं. "तुमच्यासाठीच ठेवली होती."