पोपटी, दुपारी चार वाजता

"या वर्षी तू घरीच राहा," नवरा म्हणाला आणि मी बॅग भरायला घेतली.

दर थंडीत आम्ही पनवेलहून कर्जतकडे माझ्या थोरल्या बहिणीच्या गावी पोपटी खायला जातो. गेल्या वर्षी खाऊन आडवी झाले आणि छातीतल्या जळजळीने रात्रभर उशीला टेकून बसून राहिले. तेव्हापासून डॉक्टरांचं पालुपद: वजन उतरवा, प्रोटीन वाढवा, तिखट-तेलकट सोडा, झोपायच्या तीन तास आधी जेवा. सांगायला काय जातं? चणे-राजम्याने माझं पोट फुगतं, प्रोटीनची पावडर घशाशी येते. उरली अंडी, मूग, दही आणि घरच्यांची दया. दया मला मुळीच पचत नाही.

"परत तसंच झालं तर पोपटी कायमची बंद," नवऱ्याने बजावलं. मी म्हटलं, बघू.

शनिवारी सकाळी जुन्या हायवेने निघालो. घाई नसेल तर तुम्हीही हाच रस्ता धरा. लोधिवली मागे टाकून चौक गावात नाश्त्याला थांबलो. नवऱ्याने वडापाव घेतला, मी दोन अंड्यांचं बिनमिरचीचं ऑम्लेट.

"ताई, मिरची नाय तर चव काय येनार?" टपरीवाला म्हणाला.

"ते मी बघते."

चव नव्हतीच, पण पोट शांत राहिलं. चौकहून कर्जतच्या रस्त्याला लागलो. भात निघालेल्या खाचरांत आता वाल उभा होता आणि मधूनमधून बंगल्यांच्या स्कीमच्या पाट्या.

ज्यांनी पोपटी खाल्ली नाही त्यांच्यासाठी: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा-मीठ, अंडी, मसाल्यातलं चिकन. तोंड पाल्याने बंद करून मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. तेल नाही, पाणी नाही. डॉक्टरांनी स्वतः लिहून द्यावं असं जेवण. घोडं अडतं ते वेळेपाशी. पोपटी अंधार पडल्यावर लागते, जेवायला अकरा वाजतात आणि लगेच अंथरूण.

"दाजी, मडकं चारला लावू या," मी अंगणातच सांगून टाकलं.

ताईचे यजमान बघतच राहिले. "दिवसा पोपटी? लोकं हसतील गं."

"हसू दे. मी जेवायला आलेय."

"आमच्या बापजाद्यांनी कदी..."

"त्यांची छाती जळत नव्हती. माझी जळते."

"ही ऐकनारी नाय," ताई म्हणाली. "तुमी लाकडं काडा."

माझ्या वाट्याचं चिकन मी दही, हळद आणि आलं लावून केळीच्या पानात वेगळं बांधलं. जाळाचा धूर दिसताच शेजारचे काका कुंपणाशी आले. "भर दिवसा पोपटी? कोन आजारी हाय का?"

"मी," मी मोठ्याने म्हटलं. "बसा जेवायला."

ते बसले. सूर्य मावळायच्या आत माझी दोन अंडी, चिकन आणि मूठभर वाल खाऊन झाले होते. मग नदीपर्यंत चालून आले आणि एका उशीवर सरळ झोपले, ती सकाळीच उठले. इतका आनंद झाला की नवऱ्याला हलवून जागं केलं.

चहाच्या वेळी दाजी हळूच म्हणाले, "रातच्याला पावडर नाय घ्यावी लागली."

"कसली पावडर?" ताईने कप खाली ठेवला.

दरवेळी पोपटीनंतर ते गुपचूप अ‍ॅसिडिटीची पावडर घेत होते. "पोपटी लावनाऱ्यानंच छाती चोळत बसायचं, बरं दिसतं का?" ताई त्यांना जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

परतताना खोपोलीवरून आलो. खालापूरजवळ रस्त्याकडेला वालाच्या ताज्या शेंगा मिळाल्या, त्या घेतल्या. जाणार असाल तर थंडीत जा आणि जेवणाची वेळ आधीच भांडून ठरवा. घरी आल्यावर वजनकाट्यावर उभी राहिले. काटा वर सरकला नव्हता, तेवढं मला पुरे.

पुढच्या शनिवारी ताईचा फोन आला. दाजींनी पुन्हा चारला मडकं लावलं होतं. कुंपणापलीकडून कोणीतरी विचारलंच, कोन आजारी हाय?

"मग काय म्हणाले दाजी?"

"म्हनाले, मी. बसा जेवायला."

नवरा ऐकत होता. "आज आपणही लवकरच जेवू," म्हणत उरलेल्या शेंगा सोलायला बसला.