पेणहून रोह्याला, एक अंगणवाडी पाहायला

पेणच्या स्टँडवर एसटीतून उतरले तेव्हा सकाळीच उन्हानं डोकं तापलं होतं. मे महिना. मी पुण्यात अंगणवाड्यांचे आराखडे काढते, विजेशिवायही आत गारवा राहील असे. स्टँडवरून रिक्षाने खारेपाटात (खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात) गेले. तिथली अंगणवाडी पत्र्याची. पंखा होता, वीज नव्हती. मुलं घामानं निथळत फरशीवर निपचित पडली होती. एक चिमुरडी रडत होती, पण तिचा आवाजच फुटत नव्हता.

सेविका मंदाताईंनी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. "उन्हाळ्यात पोरां जेवत नाय, नुसतं पाणी मागतात," त्या म्हणाल्या. "रोह्याची बघून या. आमची पन तशीच होनार ना?"

ठरलं तसंच होतं. रोह्याजवळच्या एका गावात माझ्या आराखड्याची पहिली अंगणवाडी झाली होती. ती चांगली निघाली, की पुढची मंदाताईंची.

दुपारच्या गाडीने रोहा गाठलं. पुढे रिक्षाने निघाले; अष्टमी गाव मागे पडलं, भाजलेली भातखाचरं लागली. जांभ्या दगडाच्या जाड भिंती दुरून दिसल्या आणि मला हुरूप आला. जवळ गेले, तर कौलांच्या जागी स्लॅब. गरम हवा बाहेर जायला ठेवलेले झरोके सिमेंटनं बुजवलेले. सावलीची पडवी पाडलेली. भिंतीवर एसी.

"इथल्या एका कंपनीनं दिला," सरपंच कौतुकाने म्हणाले. "गारवा भायेर जातो म्हनून भोकं बुजवली. आनि कौलारू कोन बांधतो आता, मॅडम?"

"एसी चालतो?"

"उद्घाटनाला चालला. लायनीला लोड झेपत नाय."

"मग मुलं कुठं आहेत?"

उत्तर मदतनीस बाईंनी दिलं. "घरी. आत बसवत नाय गो बाय. परवा एक पोर चक्कर येऊन पडलं."

"झरोके आजच फोडू या," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

सरपंच शांतपणे म्हणाले, "हाच नकाशा वरनं पास झालाय. पेनची पन अशीच होनार. तुमाला कळवलं नाय?"

कुणीच कळवलं नव्हतं.

परतीच्या गाडीतून मंदाताईंना फोन केला. सगळं सांगितलं. "स्लॅब तर स्लॅब," त्या म्हणाल्या. "पक्की होतेय ना?"

"ताई, दुपारी मुलांना त्यात ठेवू नका. पत्र्याइतकीच तापेल ती."

त्या म्हणाल्या, "मग ठेवू कुठं?"

पुण्याला आले, मूळचा आराखडा पुन्हा मंजुरीसाठी वर पाठवला. उत्तर आलेलं नाही.