बिनखिडकीची केबिन

सासूबाई गेल्या त्या वर्षी, दिवाळी उलटल्यावर, मी आणि माझी थोरली जाऊ बोटीनं गोव्याला जाऊन आलो. दोन रात्रींची सहल. नातेवाइकांत तिची बरीच चर्चा झाली, कारण अजून वर्ष सरलं नव्हतं. माझ्या तोंडावर कुणी बोललं नाही, पण नवऱ्याच्या कानावर ते घातलं गेलं आणि त्यानं ते माझ्या कानावर घातलं. मी "बरं" म्हटलं आणि कपडे वाळत घालायला गेले.

सासूबाईंना आम्ही दोघी आत्या म्हणायचो. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्या सहा वर्षं अंथरुणावर होत्या. चार महिने आमच्याकडे सांगलीत, चार महिने मोठ्या दिरांकडे कराडजवळच्या मलकापुरात. पाळी बदलायची तेव्हा अँब्युलन्स बोलवायची. गादी, चादरी, डायपरचे गठ्ठे, औषधांची पिशवी, तोटीचा पेला, सगळं त्यांच्याबरोबर जायचं. जाऊ दारात उभी असायची. आम्ही दोघी आत्यांना उचलून आत घ्यायचो, मग ती मला चहा द्यायची. कुठल्या कुशीवर कातडी लाल झालीये, कुठली गोळी बदललीये, एवढंच बोलणं व्हायचं. ती माझ्याकडे आत्यांना आणायची तेव्हाही हेच.

मी एका शाळेत ग्रंथपाल आहे. आत्या आमच्याकडे असायच्या तेव्हा सकाळी त्यांचं सगळं उरकून, शेजारच्या बाईंना अधूनमधून डोकवायला सांगून मी शाळेत पोचायचे. पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभ्या उभ्या माझा डोळा लागलेला मुलांनी पाहिलाय. मलकापुरात जाऊ घरातच असायची, त्यामुळे तिला तेवढीही सुटका नव्हती.

आत्या चैत्रात गेल्या, मलकापुरातच. मला वाटलं होतं, आता मी भरपूर झोपेन. तसं झालं नाही. शरीराला दर दोन तासांनी उठायची सवय लागली होती. जाग यायची, हात त्यांच्या गादीच्या दिशेनं जायचा आणि मग आठवायचं.

दिवाळीला मुलगी पुण्याहून आली. माझ्याकडे दोन दिवस बघत राहिली आणि म्हणाली, "आई, तू आणि बाबा कुठेतरी जाऊन या." तिनंच मोबाईलवर ही बोट शोधली. मुंबईहून निघायची, गोव्याला दिवसभर थांबायची आणि परत. भाडं बघून मी नाही म्हटलं. ती म्हणाली, सोमवारची बोट आणि आतली केबिन घेतली तर निम्म्यात होतंय.

"बाबांबरोबर नको," मी म्हटलं. "अक्कांबरोबर जाईन." जावेला मी अक्का म्हणते.

नवरा पेपर वाचत होता. त्यानं तो खाली केला. "माझ्यात काय वाईट आहे?"

"काही नाही. पण तुमच्याबरोबर गेले तर तुमचा चष्मा शोधावा लागेल, तुमच्या गोळ्या बघाव्या लागतील. मला कुणाचंच काही बघायचं नाहीये."

त्याला लागलं असणार. पण त्यानं पेपर पुन्हा वर धरला आणि मलाही समजूत घालायचं त्राण नव्हतं.

अक्कांना फोन केला. त्यांचं माहेर खटाव तालुक्यातलं, माणदेशाकडच्या कोरड्या मुलखातलं. समुद्र त्यांनी एकदाच, तोही लांबून पाहिला होता.

"बोटीत? मला पवाया येत न्हाई गं."

"पोहायचं नाही, अक्का. नुसतं बसायचं."

"नुसतं?" त्यांनी विचारलं. "मंग येते."

जास्त खर्च न होता जायचं कसं, ते मुलीनं मला शाळेतल्या पोरीला सांगावं तसं समजावलं. भाड्यात झोपणं आणि मोठ्या हॉलमधलं जेवण धरलेलं असतं. बाकी प्रत्येक गोष्टीला पैसे पडतात. बोटीवर रोख चालत नाही, एक कार्ड देतात, त्यानंच दार उघडायचं आणि त्यावरच खरेदी करायची. "त्या कार्डावर पैसे भरूच नकोस," ती म्हणाली. "म्हणजे तुला वाटलं तरी खर्च करता येणार नाही. आणि गोव्यात त्यांच्या बसनं फिरायचं तिकीट घेऊ नकोस, फार महाग असतं." बंदराचा कर आणि सेवेचे पैसे मात्र तिकिटाबरोबरच भरावे लागले. ते आधी दाखवले नव्हते, म्हणून ती चिडली. मी म्हटलं, भर.

आदल्या दिवशी दिवसाच्या गाडीनं निघालो. अक्का कराडला चढल्या. कल्याणला त्यांच्या भावाकडे मुक्काम केला, हॉटेलचा खर्च वाचला. दुसऱ्या दिवशी बंदरावर कळलं, की बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. अक्कांनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि सांगलीचं भडंग असं दोघींना चार दिवस पुरेल एवढं आणलं होतं. रांगेतून बाहेर येऊन, बॅगांवर बसून आम्ही जमेल तेवढं खाल्लं. उरलेलं तिथं झाडणाऱ्या बाईला दिलं. तिनं चटणीचा वास घेऊन विचारलं, "साताऱ्याकडच्या का?" ती मूळची कोरेगावची निघाली. अक्कांना तिच्याशी बोलत बसायचं होतं, पण आमचा नंबर आला.

आत शिरताना एका फोटोवाल्यानं आम्हाला कापडावर रंगवलेल्या समुद्रापुढं उभं केलं आणि हसायला सांगितलं.

केबिन म्हणजे दोन अरुंद पलंग, एक कपाट, मोरीएवढी न्हाणी. खिडकी नाही. जिथं खिडकी असावी तिथं पडदा लावला होता. अक्कांनी तो सरकवून पाहिला, मागं भिंत होती. मला वाईट वाटलं. थोडे पैसे जास्त घातले असते तर त्यांना पलंगावरून पाणी दिसलं असतं. तसं मी म्हटलंही.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "दिवा घालीव बगू."

मी बटण दाबलं. इतका काळोख झाला की हात दिसेना. सहा वर्षं आम्हा दोघींच्या घरात आत्यांच्या खोलीतला बारका दिवा कधी बंद झाला नव्हता. काळोखात अक्कांचा आवाज आला, "लय ब्येस हाय." आणि थोड्या वेळानं त्या घोरायला लागल्या. बोट अजून सुटलीही नव्हती.

बोट सुटताना वर गाणी होती, लोक नाचत होते, पोरं बोटीवरच्या पोहायच्या तलावात उड्या मारत होती. मी कठड्याला एकटी उभी राहून मुंबई मागं जाताना पाहिली. खरं सांगायचं तर मला रागच आला. एवढा खटाटोप करून आणलं आणि ही बाई झोपलीये. जेवणाच्या वेळी मी त्यांना हलवलं. त्या उठल्या, जेवल्या, परत येऊन झोपल्या. मीही आडवी झाले. त्या काळोखात मला जाग आली ती सकाळीच. घड्याळ बघून माझा विश्वास बसेना.

खाली एक छान चहाचं दुकान होतं, पितळी दिवे, मऊ खुर्च्या. अक्का सरळ जाऊन बसल्या. चहा आला, पोऱ्यानं कार्ड मशीनला लावलं आणि अदबीनं म्हणाला, "मॅडम, यात बॅलन्स नाही." शेजारच्या टेबलावरच्या बायकांनी वळून बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अक्कांनी कप शांतपणे त्याच्याकडं सरकवला. "तोंड लावल्यालं न्हाई बाबा, घिऊन जा." मग वर जेवणाच्या हॉलमधल्या चहाच्या टाकीपाशी आम्ही रांगेत उभ्या राहिलो. तो चहा फुकट होता आणि पाणचट होता. तीन तीन कप प्यायलो.

तोवर बोट गोव्याच्या बंदराला लागली होती. लोक टोप्या, गॉगल घालून भराभर उतरले. बंदरापासून किनारे लांब, टॅक्सीवाले मागतील ते द्यायचं. मी अक्कांना विचारलं, "जवळपास पायी जाऊन येऊ या का?"

"तुला जायाचंय व्हय?"

"मला नाही जायचं," मी म्हटलं. ते म्हणताना मला लाज वाटली. गोव्यापर्यंत येऊन न उतरणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

तर आम्ही उतरलोच नाही. सगळी बोट रिकामी झाली. तलावातलं पाणी हलायचं थांबलं, गाणी बंद झाली. एक माणूस लांब लाकडी खुर्च्या पुसत होता, तोही निघून गेला. आम्ही दोन खुर्च्यांवर पाय लांब करून पडलो. अक्कांनी पदर डोळ्यांवर घेतला. मी बंदरातली क्रेन बघत राहिले. मग माझ्या मनात आठ महिने जे होतं ते विचारायचं मी ठरवलं.

आत्या जायच्या अकरा दिवस आधी अक्कांचा मला फोन आला होता. कंबर धरलीये, वाकता येत नाही, पंधरा दिवस आधी नेतेस का आत्यांना, असं त्या म्हणाल्या होत्या. आणि मी म्हटलं होतं, "एक तारखेला नेते की, अक्का." शाळेच्या परीक्षा होत्या, हे खरं. पण ते कारण नव्हतं. माझ्या हक्काचे उरलेले पंधरा दिवस मला सोडवत नव्हते. एक तारीख यायच्या आत आत्या गेल्या. हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

"तुम्ही कुणाला बोललात का?" मी विचारलं.

"काय?"

"मी नाही म्हटलं होतं ते."

पदराखालून त्या म्हणाल्या, "कशाला बोलू? तुजी पाळी आसती आन तू फोन केला आसतास, तर मीबी तेच म्हनले आसते."

मग त्यांनी पदर काढला आणि उठून बसल्या.

"तुला एक सांगते. आत्या शेवटाला लय मागं लागल्या व्हत्या. सांगलीला ने, सांगलीला ने. दिस उगावला की तेच. मी काय सांगू? धाकटीनं न्हाई म्हटलं, आसं सांगू? मी म्हटलं, आत्या, कृष्णेला पानी आलंया, पुलावरनं चाललंय, रस्ता बंद हाय."

"चैत्रात?"

"चैत्रात. बाहेर नुसतं ऊन. खिडकी उघडीच व्हती. त्यांनी खिडकीकडं बगितलं, मंग माज्याकडं बगितलं. पुन्ना सांगलीचं नाव काडलं न्हाई." अक्कांनी पदर खांद्यावर सारखा केला. "त्यास्नी कळलं व्हतं गं. त्येच मला डाचतंय. खोटं बोलले त्याचं न्हाई. त्या गप बसल्या त्याचं."

मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. अक्काही रडल्या नाहीत. आम्ही दोघी इतक्या दमलेल्या होतो की तेवढी हालचालही जड होती. मी त्यांचा हात धरला. भांडी घासून त्यांची बोटं माझ्यासारखीच भेगाळलेली. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "आता झोपू दे मला जरा," आणि तिथंच उन्हात झोपल्या. तोंडावर ऊन यायला लागलं तेव्हा मी त्यांची खुर्ची ओढायचा प्रयत्न केला, हलली नाही. मग माझी ओढणी कठड्याला बांधून सावली केली.

दुपारी लोक परतले, गलका सुरू झाला. बोट निघाली तेव्हा आम्ही दोघी कठड्याशी होतो. अक्कांनी समुद्र बराच वेळ पाहिला. "एवडं पानी," त्या म्हणाल्या, "आन आमच्या माह्यारी हंड्याला रांग."

जिन्यापाशी फोटो मांडून ठेवले होते. आमचाही होता. रंगवलेल्या समुद्रापुढं दोन बायका, एकीचे डोळे मिटलेले, दुसरीच्या डोळ्यांखाली काळं. किंमत भलतीच होती. तरी मी म्हटलं, "अक्का, घेऊ या का? वर जाऊन कार्डात पैसे भरते."

त्यांनी फोटो जवळून बघितला. "कशाला? घरी आरसा हाय की."

तिसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत उतरलो आणि एसटी धरली. एक्सप्रेसवेवर अक्का माझ्या खांद्यावर झोपल्या, खंबाटकीच्या घाटात जाग्या झाल्या, साताऱ्यापुढं पुन्हा झोपल्या. मलकापूरला त्या हायवेवरच उतरल्या. मोठे दीर मोटारसायकल घेऊन आले होते. त्यांनी मला हात केला आणि अक्कांना विचारलं, "काय बगितलं गं गोव्यात?" अक्कांनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, बस सुटली.

माझ्या नवऱ्यानंही तेच विचारलं. मी म्हटलं, झोपलो. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि स्वतःच कुकर लावला. भात पाणी पाणी झाला होता, पण मी तो खाल्ला. मुलीला फोनवर सांगितलं, की बोटीवर तिकिटापलीकडं एक रुपया गेला नाही. ती खूश झाली. दोन दिवस मला बरी झोप लागली, मग पुन्हा मधेच जाग यायला लागली. सहलीनं सगळं बरं झालं असं मी म्हणणार नाही. आता जाग आली तर मी सकाळी अक्कांना फोन करते. त्याही उठलेल्या असतात. "किती वाजता?" त्या विचारतात. मी सांगते. "मीबी तवाच," त्या म्हणतात.

चैत्रात मलकापुरात वर्षश्राद्ध झालं. स्वयंपाक आम्ही दोघींनी केला, वडे अक्कांनी, खीर मी. पंगत उठल्यावर नात्यातली एक म्हातारी आम्हा दोघींपाशी येऊन म्हणाली, "दोगी जावांनी सासूचं लय केलं बाई. आशा सुना आता मिळत न्हाईत."

मी खाली बघितलं. अक्का कढईतलं तेल गाळत होत्या.

"व्हय, केलं," त्या म्हणाल्या. "आन लय दमलोबी."

म्हातारी जरा घुटमळली, मग पान मागायला बाहेरच्या खोलीत गेली. अक्कांनी गाळणी माझ्या हातात दिली आणि मी ती धुवायला नेली.