मैत्रेयीची लांबची खेप

दिग्रसमध्ये मैत्रेयी मनवर दिसायच्या आधी ऐकू यायची. ती नगरपालिकेची घंटागाडी चालवायची. भोंग्यातलं गाणं गल्लीच्या तोंडाशी आलं की बायका बादल्या घेऊन ओट्यावर यायच्या, आणि स्टेअरिंगवरून हिचं सुरू व्हायचं. "काकू, ओलं-सुकं एका जागी नोका टाकू ना वं!" "पोरगी आली म्हन्ते बाळंतपनाले. काय झालं, पोरगा का पोरगी?" कुणाची सून रुसली, कुणाचा बोअर आटला, सगळं तिला माहीत असायचं. दुपारी घरी यायची तेव्हा तिचा घसा बसलेला असायचा.

मग कचऱ्याचा ठेका बदलला. नव्या ठेकेदाराने आपली माणसं आणली आणि मैत्रेयी घरी बसली. वय तिशीच्या पुढं गेलेलं. वडील अंथरुणाला खिळले ती सगळी वर्षं तिची त्यांच्या उशाशी गेली होती, आणि ते गेल्यावर स्थळं यायचीही थांबली. घरात आई धुरपताबाई, भाऊ धम्मदीप, भावजय आणि त्यांची पोरं. तिला घालून-पाडून कुणी बोलत नव्हतं. पण भावजय घर झाडायला लागली की मैत्रेयी या खोलीतून त्या खोलीत सरकायची, तिथून अंगणात, आणि अंगणात उगाच उभी राहायची.

अशातच एकदा धम्मदीपने मोबाईलवर तिला एक जाहिरात दाखवली. यवतमाळच्या एमआयडीसीतली एक ट्रान्सपोर्ट कंपनी बायकांना ट्रेलर चालवायला शिकवणार होती आणि पास झालेल्यांना नोकरीवर घेणार होती. त्याने हसण्यावारी दाखवली होती. तिने दुसऱ्या दिवशी फोन लावला.

कंपनीने यार्डाच्या टोकाला बायकांसाठी नवी खोली बांधली होती. आठ लोखंडी पलंग, भिंतींना ओल्या रंगाचा वास. आल्या मात्र चौघीच. एकीला तिचा नवरा पहिल्याच आठवड्यात येऊन घेऊन गेला. दुसरीची नजर तपासणीत कमी भरली. उरल्या मैत्रेयी आणि पुसदची राखी. राखी मैत्रेयीच्या वरताण बडबडी होती. दिवे मालवले तरी दोघींच्या गप्पा चालायच्या, आणि यार्डातला चौकीदार बाहेरून खोकायचा. मग राखीची सासू न्हाणीत घसरून पडली. "दोन रोजात वापस येतो वं, माह्या पलंगावर कोनाले झोपू देजो नको," असं सांगून ती गेली. सुरुवातीला तिचे फोन यायचे. पुढं मैत्रेयीनेच लावला की "पोरगं रडून राह्यलं, मंग बोलतो," म्हणून ती ठेवून द्यायची. नंतर मैत्रेयीने लावणं सोडलं.

पलंगावर झोपण्याचा प्रश्नच नव्हता. झोपायला दुसरं कुणी आलंच नाही.

मेसमध्ये सगळे पुरुष. मैत्रेयी ताट घेऊन आत आली की त्यांचं बोलणं थांबायचं. कुणी वाईट वागत नव्हतं. उलट सरकून जागा द्यायचे, आणि मग सगळे खाली मान घालून भराभर जेवायचे. तिलाच अवघडायला झालं. ती ताट खोलीत न्यायला लागली.

शिकवायला घनश्याम राठोड होते. पुसदजवळच्या तांड्यावरचे, साठीला टेकलेले, उभी हयात दक्षिणेच्या रस्त्यावर घालवलेले. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे, मैत्रेयी काका म्हणायची, आणि ते तिला कशानेच हाक मारत नसत. ट्रेलर मागं घेणं म्हणजे उलटा हिशेब. मागचा सांगाडा डावीकडं न्यायचा तर चाक उजवीकडं फिरवायचं. मैत्रेयीचे हात घंटागाडीचे. ते आपसूक डावीकडंच जायचे आणि मागचं चाक रंगवलेल्या ड्रमवर चढायचं. राठोड खाली उभे राहून एवढंच म्हणायचे, "पुना." दिवसभरात तिच्या कानावर पडणारा माणसाचा आवाज तो एवढाच. कधी कधी जमत असूनही ती मुद्दाम एखादी फेरी जास्त मारायची.

पावसाळा सरून कापूस बाजारात आला तेव्हा तिला पहिल्या लांबच्या खेपेवर पाठवलं, राठोडांच्या सोबत. रुईच्या गाठी तमिळनाडूतल्या सूतगिरणीत पोचवायच्या होत्या, आणि माल भरायचा होता तो नेमका दिग्रसच्याच एका जिनिंगमध्ये. तिने घरी कळवलं. दुपारी धम्मदीप आईला मोटारसायकलवर घेऊन आला. धुरपताबाई ट्रेलरच्या पहिल्या चाकापासून शेवटच्या चाकापर्यंत चालत गेली, परत आली, आणि टायरवर तळवा टेकून वर पाहत म्हणाली, "एवढ्या धुडाले तू वळवतं?"

"वळवतो, माय."

"अन् हा मानूस?"

"उस्ताद हायेत. राठोडकाका."

आईने राठोडांकडं पाहिलं. त्यांनी हात जोडले आणि ते दोरखंड तपासायला पलीकडं निघून गेले. आईने भाकरीचं गाठोडं वर दिलं. "जय भीम म्हन अन् नीघ," एवढं बोलून ती मोटारसायकलवर बसली. मैत्रेयीला वाटलं होतं, ती थांबेल थोडी.

पाटणबोरी मागं पडली, पैनगंगेचा पूल ओलांडला आणि जिल्हा संपला. पाट्यांवरची अक्षरं गोल गोल झाली. घंटागाडीत असताना शंभर पावलांवर कुणीतरी हाक मारायचं. इथं दिवस दिवस काचेपलीकडं माणसं हलताना दिसायची आणि आवाज फक्त इंजिनाचा. राठोड शेजारी बसून हाताने खुणा करायचे. गियर उतरव, अंतर ठेव, याला जाऊ दे. डॅशबोर्डवर सेवालाल महाराजांचा छोटा फोटो होता, त्याच्याशी सकाळी ते ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलायचे. संध्याकाळी ढाब्यावर बाजेवर बसून बायकोला फोन करायचे, बंजाऱ्यांच्या गोरबोलीत, पुष्कळ वेळ. तेव्हा हा माणूस हसायचासुद्धा. मैत्रेयीला त्यातला एखाद-दुसरा शब्द कळायचा, तरी ती केबिनची काच खाली करून ऐकत बसायची.

कंपनीच्या नियमाप्रमाणे केबिनमध्ये ती झोपायची आणि राठोड बाहेर बाजेवर. ढाब्यावर उतरली की नजरा फिरायच्या, म्हणून ती जेवणही केबिनमध्येच घ्यायची. आणि एक अडचण अशी होती की ती कुणाला सांगता येत नव्हती. पुरुष गाडीच्या आडोशाला जाऊन यायचे. पंपावर बायकांसाठी दार असायचं, त्याला कुलूप. किल्ली कुणाकडं ते कुणाला माहीत नसायचं, आणि विचारायचं कोणत्या भाषेत? मैत्रेयीने आपल्यापुरता मार्ग काढला. तिने पाणी प्यायचं सोडलं.

कर्नूल ओलांडल्यावर तिला हुडहुडी भरली. ओटीपोटात कळ येत होती, स्टेअरिंगवरचे हात गार पडले होते. समोरच्या टँकरचे ब्रेकचे दिवे लागले ते तिला उशिरा दिसले. राठोड ओरडले, तिने पाय दाबला, ट्रेलर हिसके देत कसाबसा थांबला. पुढच्या गाडीत आणि त्यांच्यात हातभर जागा उरली होती.

"बाजूले घे," राठोड म्हणाले.

तिने गाडी कडेला घेतली. आता हे आपल्याला घरी पाठवणार, असं ती धरूनच चालली. राठोडांनी तिच्या कपाळाकडं पाहिलं, मग दाराच्या कप्प्यातल्या बाटलीकडं.

"पानी काहून पेत नाई तू?"

"पेतो ना, काका."

"बाटली कालची तशीच हाय."

तिने बाटली कप्प्यात आत ढकलली. राठोड खाली उतरले, ट्रेलरच्या मागं गेले आणि आरशात ती त्यांना फोनवर बोलताना पाहत राहिली. ते हातवारे करत होते, मध्येच डोकं खाजवत होते. थोड्या वेळाने ते खिडकीखाली आले आणि तिच्याकडं न पाहता फोन वर धरला. "घरून हाय. बोल."

"पोरी, मी विमलताई," पलीकडून बाईचा आवाज आला. "त्याईले इचारता येत नाई, म्हून मले इचाराले लावलं. जायाची पंचाईत होऊन राह्यली ना तुही?"

मैत्रेयीने हो म्हटलं आणि तिला रडू फुटलं. राखी गेली तेव्हा रडली नव्हती, आई पटकन निघाली तेव्हाही नाही. विमलताईने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "या मानसानं जिनगानी रस्त्यावर काढली, पन बाईनं कुठं जावं हे त्याच्या टकुऱ्यात कायले येते! आता मी सांगतलं हाय. तू लाजू नको. अन् पह्यले डॉक्टरले दाखव."

जवळच्या गावात एक डॉक्टरीणबाई सापडल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, मैत्रेयीला तेलुगू येत नव्हतं. पोटावर बोट ठेवून, तोडक्यामोडक्या हिंदीत निभावलं. राठोड बाहेरच्या बाकावर तिची पर्स मांडीवर घेऊन अवघडून बसले होते. तो दिवस आणि दुसरा दिवस गाडी त्यांनीच चालवली, दुखऱ्या गुडघ्यांनी. कंपनीला कळवलं की गाडीचं काम निघालं होतं.

त्यानंतर प्रत्येक पंपावर ते आधी उतरायचे, किल्ली कुणाकडं आहे ते शोधायचे, आत पाणी आहे का बघून यायचे आणि हात हलवायचे. ती आत गेली की पाठ करून दूर उभे राहायचे. बोलणं मात्र वाढलं नाही. बोलायची ती विमलताई, रोज संध्याकाळी, नवऱ्याशी बोलून झालं की: आज काय खाल्लं, ताप आला का, इकडं तूर कशी बहरली आहे.

मैत्रेयी दोन-तीन खेपा त्यांच्यासोबत करून परीक्षा पास झाली. तिला तिच्या नावावर गाडी मिळाली. त्याच सुमाराला राठोडांचे गुडघे पुरते गेले आणि ते नोकरी सोडून तांड्यावर परतले. निघताना त्यांनी तिच्या गाडीला एक फेरी मारली, टायर हाताने ठोकून पाहिले, म्हणाले, "चांगली हाय." ती पाया पडायला वाकली तर मागं सरकले.

विमलताईचे फोन काही दिवस येत राहिले, मग विरळ झाले. मैत्रेयीने त्याचं वाईट वाटून घेतलं नाही. आता त्यांच्या घरात बोलायला माणूस होता.

पहिल्या एकटीच्या खेपेला ती सेलमच्या पुढं एका सूतगिरणीच्या फाटकाबाहेर रांगेत लागली. आत गाठी उतरवायला जागा नव्हती, थांबावं लागणार होतं. तिने आरशाच्या दांडीला दोरी बांधून कपडे वाळत घातले, स्टोव्हवर खिचडी शिजवली, केबिन पुसून काढली, मग पुन्हा पुसली. आईचा फोन आला.

"कोन हाय वं संग?"

"लय गाड्या हायेत, माय. लाइनच हाय."

"मानसं बरे हायेत ना?"

"बरे हायेत."

त्यातल्या एकाशीही ती अजून बोलली नव्हती. समोरच्या लिंबाखाली ड्रायव्हर मंडळी पत्ते खेळत बसली होती. त्यांतल्या एका पिकल्या केसांच्या माणसाने तिच्याकडं पाहून चहाचा पेला उंच केला. येणार का, असा प्रश्न. मैत्रेयीने आधी नाही म्हणून मान हलवली. मग केबिनमधल्या चकचकीत पुसलेल्या सीटकडं पाहिलं, ओढणी सारखी केली आणि खाली उतरली.

त्यांनी सतरंजीवर जागा करून दिली. चहा गोड होता. त्यांच्या बोलण्यातलं तिला काही कळत नव्हतं. पत्त्यांची पानं पडत होती, कुणी जिंकत होतं, कुणी कपाळावर हात मारत होतं. कुणीतरी तिला काही विचारलं; तिने म्हटलं, "महाराष्ट्र. यवतमाळ." त्यांनी माना डोलावल्या आणि पुन्हा पत्ते पिसायला घेतले. पेला रिकामा झाल्यावरही ती बराच वेळ तशीच बसून राहिली, कुठल्याच भाषेत काही न बोलता, त्यांचे आवाज ऐकत.