शंभरातले सात मीटर

हे मी बायकोलाही सांगितलं नाही. शेवटच्या आजारपणात ती बोलत बसायची, तेव्हाही नाही. तुम्हाला सांगतोय — तुम्ही ओळखीचे नाही म्हणूनच असेल. ओळखीचा माणूस समोर आला की मी आधी त्याचा चेहरा बघतो. याला काही कळलंय का? हा असा का हसला? इतक्या वर्षांत ही खोड गेलेली नाही.

सत्तरच्या दशकात, सोलापूर जिल्ह्यात करमाळा-माढ्याकडच्या सात हायस्कुलांनी मिळून एक क्रीडा संघ काढला होता. मी एका शाळेत पी.टी. शिकवायचो आणि या संघाचा चिटणीस होतो. पुढे एका स्मरणिकेसाठी संघाचा इतिहास मलाच लिहायला सांगितला. लिहिला की! बैलगाड्यांतून आलेले संघ, फडक्यात भाकऱ्या बांधून आलेल्या मुली, पहिली ढाल — सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, 'काही गैरसमजांमुळे संघ पुढे चालू शकला नाही.' असली वाक्यं आम्हा मास्तर लोकांना फार छान जमतात.

गैरसमज कोणी करून दिला, ते मात्र लिहिलं नाही.

दुष्काळ सरून पहिलं पीक उभं राहिलं, त्या वर्षीचे सामने आमच्या शाळेत होते. मुलं मैदानाला फेऱ्या मारून पळायची; शंभर मीटरची सरळ धाव फक्त मुलींची. ती आखायला घेतली, तर मैदान संपलं आणि संस्थेच्या अध्यक्षांची तूर लागली. तुरीला हात लावायची माझी छाती नव्हती. टेप लावून मोजलं — त्र्याण्णव मीटर. तिथेच शेवटच्या रेघेची फक्की टाकली. म्हटलं, सगळ्या सारख्याच पळणार, पहिली येईल ती पहिलीच येईल. इथपर्यंत आळस म्हणा हवं तर. पण मी इथे थांबलो नाही.

संघाकडे स्टॉपवॉच एकच होतं आणि ते माने सरांच्या हातात असायचं. माने केम गावाजवळच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. त्यांच्याच शाळेची सुमन पहिली आली, आणि तिची वेळ अशी निघाली की पाहुण्यांनी ती कर्ण्यावरून दोनदा वाचून दाखवली. माने लहान पोरासारखे हसत होते. मी टाळ्या वाजवत होतो. तेव्हा बोलायला काय झालं होतं मला?

सुमनच्या बापाने तिला कॅनव्हासचे बूट घेतले आणि पोरगी जिल्ह्याच्या सामन्यांना सोलापूरला गेली. तिथे धाव खरी शंभराची. ती शेवटून दुसरी आली, आणि आमच्याकडच्यापेक्षा सेकंदभर जास्त लागला. झालं — कुजबुज सुरू झाली. मान्यांनी आपल्या पोरीसाठी घड्याळ आधीच दाबलं म्हणे. मग प्रत्येक हेडमास्तरला आपली हरलेली पोरं आठवायला लागली. कोण कुणाच्या गावचा, कुणाचं पाव्हणं कोण, सगळं निघालं. चौकशी ठरली, तीही आमच्याच मैदानावर.

आता सगळं सांगतो. माने माझ्या चिटणीसपदावर डोळा ठेवून आहेत, असा मला संशय होता. एकदा माझं सभांचं प्रोसिडिंग बुक ते चाळताना दिसले होते, तेवढ्यावरून. आणि धाव आखूड होती हे उघड झालं असतं, तर पद गेलंच असतं. चौकशीच्या दिवशी सकाळी शाळा भरायच्या आधी मी मैदानावर गेलो. तूर निघून गेली होती. खुंटं उपटून टाकली, माती टाचेनं दाबली, आणि शेवटची रेघ सात मीटर पुढे टाकली.

समितीने मोजायला सांगितलं. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं मान्यांच्या. रेघेवर ओणवे होऊन आकडा त्यांनीच मोठ्यानं वाचला — शंभर. स्टॉपवॉच रेडिओच्या ठोक्यांशी लावून बघितलं, तेही बरोबर. मग चुकीचं काय उरलं? माणूस. 'वेळ घेणाऱ्याच्या सचोटीबद्दल समितीस शंका आहे,' हे वाक्य माझ्या अक्षरात आहे. वाचूनही मीच दाखवलं, आवाज न कापता.

ऑफिसच्या दाराशी सुमनचा बाप उभा होता. मला म्हणाला, "सर, पोरगी खोटं पळली का वो?"

मी म्हटलं, "पळणं खोटं नसतं. मोजण्यात चूक झाली."

बघा, शब्द न् शब्द खरा होता. त्याने मान वळवून मान्यांकडे बघितलं. मी त्याला बघू दिलं.

सुमन पुन्हा पळाली नाही. पुढच्या जूनला तिचं नाव शाळेच्या पटावरच नव्हतं. दोन वर्षांत संघ मोडला. मान्यांच्या हातात पुन्हा कुणी घड्याळ दिलं नाही, आणि त्यांनी प्रॅक्टिकलला दिलेले गुणसुद्धा दुसरा कुणीतरी तपासायचा. मी? मी सुपरवायझर झालो.

माने रिटायर झाल्यावर एकदा माझ्या घरी आले. त्यांना आत घेऊन मी आधी दार लोटून घेतलं — वाटलं, कळलं यांना, आता हिशेब मागणार. त्यांनी चहा घेतला. मग उजव्या हाताचा अंगठा बघत म्हणाले, "सर, लई वर्सं इचार केला. धाव बरोबर हुती, घड्याळ बरोबर हुतं. म्हंजे माझाच अंगठा आदी पडला असंल. पोरीवर जीव हुता की माझा."

मी म्हटलं, "असेल."

एवढंच म्हटलं. ते उठले, पायात चपला घातल्या आणि माझे हात हातात घेतले. इतक्या वर्षांत तुम्ही मला त्यावरून एका शब्दानं बोलला नाही, म्हणून त्यांनी माझे आभार मानले. आणि मी ते घेतले.