वर वीज, खाली लाकूड

गिरिधर हिवसे यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते आमच्या दिवाणखान्यात फरशीवर पालथे पडलेले होते. रेकॉर्डप्लेअर दुरुस्त करायला ते नागपूरच्या महाल भागातून सायकलने आमच्या धरमपेठेत आले होते. स्पीकरला कान लावून पडले होते आणि आवाज इतका कमी ठेवला होता की मला वाटलं, यंत्र बंदच आहे.

"वाढवा ना आवाज," माझे यजमान म्हणाले.

"मोठ्या आवाजात खोट लपते, साहेब. हळू वाजवलं का सापडते."

हे वाक्य माझ्या १९७८ च्या डायरीत आहे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी सवय लावली: तारीख, कोण आलं, काय म्हणालं. ऐकलं तसं लिहायचं, लिहिलेलं खोडायचं नाही. ती सवय मी चौसष्ट वर्षं सांभाळली आणि तिच्यावर माझा फार विश्वास होता.

हिवसे काटोलजवळच्या खेड्यातले. घरची संत्र्यांची बाग थोरला भाऊ बघायचा. हिवसे रेडिओचं काम शिकायला नागपुरात आले आणि इथलेच झाले. दिवसा महालात दुकान, संध्याकाळी लग्नांत आणि गणपतीत ऑर्केस्ट्रात गिटार. विजेची गिटार परवडण्यासारखी नव्हती, म्हणून जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरमधलं लोहचुंबक काढून त्यांनी आपल्या साध्या लाकडी गिटारीच्या पोटात बसवलं होतं. तिच्यातून विजेचा आवाज यायचा आणि लाकडाचाही थोडा यायचा. बाकीचे वादक त्या लाकडी आवाजाला खरखर म्हणायचे. हिवसे म्हणायचे, तोच तर जीव आहे.

माझे यजमान मधुकरराव कॉलेजात इंग्रजी शिकवत. परदेशी रॉक संगीताचा त्यांना भारी शौक. रविवारी सकाळी चार-पाच मित्र जमायचे, पोहे व्हायचे, रेकॉर्ड लागायच्या आणि हे प्रत्येक गाण्यावर भाष्य करायचे. दुरुस्तीला आलेल्या हिवश्यांना यांनीच त्या बैठकीत बसायला सांगितलं. ते दाराजवळच्या खुर्चीत बसत.

१५ मार्च १९८१, रविवार. त्या दिवशी एका इंग्रजी बँडची रेकॉर्ड लागली होती. गिटार अशी गरजायची की शोकेसमधल्या बशा थरथरत. हे सांगत होते, बघा, एक माणूस, एक विजेची गिटार, आणि केवढी ताकद!

दाराजवळून आवाज आला, "एक नाही, साहेब. दोन गिटारी वाजून राहिल्या."

"दोन?"

"वर वीज, खाली लाकूड. साधी गिटार आहे खाली. तेच सूर, त्याच वेळी."

मंडळी हसली. एकजण म्हणाला, "हिवसे, ते लाकूड तुमच्या खुर्चीचं कुरकुरतंय!"

यांनी रेकॉर्डचं वेष्टन पुढे केलं. "हे वाचा. यावर लाकडी गिटारीचं नाव दाखवा."

"मले इंग्रजी नाही वाचता येत, साहेब. ऐकता येते." हिवसे उठले आणि त्यांनी आवाजाचं बटण पार शून्याजवळ आणलं. "आता ऐका. वीज गेली. काय उरलं?"

मी पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते. मला ऐकू आलं. तारांवर नख फिरल्यासारखी अगदी बारीक, कोरडी सळसळ. मी ते बोलले नाही. डायरीत मात्र लिहिलं.

वाद मिटेना, तेव्हा मीच सुचवलं की रेकॉर्ड कंपनीलाच विचारावं. पत्र मी लिहिलं, माझ्या कॉन्व्हेंटच्या अक्षरात, लंडनच्या पत्त्यावर. उत्तरासाठी पत्ता आमच्या घरचा. यांनी ते टपालात टाकलं.

हिवश्यांसाठी ही नुसती पैज नव्हती. सागवानाची एक फळी आणून त्यांनी नवी गिटार घडवायला घेतली होती. तिच्यात दोन्ही आवाज वेगवेगळे उचलले जाणार होते आणि वाजवणारा हवे तसे ते मिसळणार होता. मला म्हणाले, "बाई, लंडनवाल्याईनं खाली लाकूड ठेवलं असन, तर माझा कान खरा. मग ही गिटार बनवतोच. नसन ठेवलं, तर मी खरखरच ऐकत होतो म्हणायचं."

त्यानंतर ते दर पंधरवड्याला यायचे. सायकल फाटकाला टेकवून विचारायचे, "काही आलं का?" मी म्हणायची, "नाही हो." अशा अकरा नोंदी आहेत: 'हिवसे आले. पत्र नाही.'

शेवटच्या वेळी बैठकीतून यांनीच ओरडून सांगितलं, "अहो हिवसे, त्या लोकांना तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यावंसंसुद्धा वाटलं नाही. समजा आता काय ते!" पुन्हा सगळे हसले. हिवसेही हसले आणि परत कधी आले नाहीत. पुढे कळलं की त्यांनी ऑर्केस्ट्रा सोडला. दुकानात रेडिओच्या जागी टीव्ही आले, मग मिक्सर, मग कूलर.

यजमान जाऊन दोन वर्षं झाली. नात नूपुरला रेकॉर्ड हव्या आहेत, म्हणून या फेब्रुवारीत मी एकेक वेष्टन पुसत होते. ती रेकॉर्ड हाती आली. 'तिला चरा पडलाय,' असं सांगून यांनी ती पुन्हा कधी लावली नव्हती. मी बाहेर काढून उजेडात धरली. एकही चरा नव्हता. वेष्टनात निळं विमानपत्र होतं. फोडलेलं.

कुणा साहाय्यक ध्वनिमुद्रकाने लिहिलं होतं: तुमचे मित्र बरोबर आहेत. विजेच्या गिटारीखाली आम्ही साधी लाकडी गिटार वाजवून घेतली होती, माइक तारांच्या अगदी जवळ ठेवून. ती इतकी खाली ठेवली की आजवर कुणी विचारलं नाही. त्यांचा कान उत्तम आहे, एवढं त्यांना जरूर सांगा.

नागपूरच्या टपालाचा शिक्का १६ जुलै १९८१ चा. मी त्या दिवसाची डायरी काढली. 'पोस्टमनने यांच्या हातात काहीतरी निळं दिलं. विचारलं तर म्हणाले, कॉलेजचं आहे.' निळं! मी रंगसुद्धा लिहिला होता आणि पुढे विचारलं नव्हतं. अकरा नोंदींपैकी चार सोळा जुलैनंतरच्या होत्या. चारदा मी फाटकाशी उभी राहून, यांच्या वतीने, खोटं बोलले होते.

यांना हरणं जमत नसे, कॅरमचा डावही अर्धा सोडत, हे मला ठाऊक होतं. पण इतकं?

दुसऱ्या दिवशी ऑटो करून महालात गेले. दुकानामागेच घर. सून मिनलने दार उघडलं.

"जोरानं बोला आजी, बाबाले ऐकू कमीच येते. मशीन घेऊन दिलं तं खोलून ठेवलं त्याईनं."

वाटीत श्रवणयंत्राचे सुटे भाग होते. हिवश्यांनी मला ओळखलं. "बसा बाई. त्या मशीनात नुसती वीज वाजते, लाकूड नाही येत."

मी पत्र मोठ्याने वाचलं, मराठी करून. त्यांनी मान हलवली. ऐकू गेलं नव्हतं. मग पर्समधून चालू वर्षाची डायरी काढली आणि कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: लंडनचं उत्तर. तुमचा कान खरा. खाली लाकडी गिटार होती.

त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. "लाकडी, असंच लिहिलं आहे त्याईनं?"

मी मान डोलावली.

"पाह्य वं मिनल. लाकूडच होतं." चेहरा एकदम तरुण झाला. मग पत्राकडे बोट केलं. "कवा आलं हे?"

मी लिहिलं: १९८१.

त्यांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. "तुमच्याच घरी होतं?"

मी लिहिलं: यांनी लपवलं. मला माहीत नव्हतं.

त्यांनी वाचलं. डायरी बंद करून माझ्या मांडीवर ठेवली. "मी यायचो तं दारात तुम्हीच यायच्या, बाई. साहेब नाही. पत्र नाही म्हून तुम्हीच सांगायच्या. मी तुमच्यावर इश्वास ठेवून परत जायचो."

मला पुन्हा डायरी उघडवेना.

"ती सागवानाची फळी?" मी ओरडून विचारलं. ते त्यांना ऐकू गेलं.

"कूलरच्या स्टँडले लावली. चांगली टिकली." त्यांनी पत्राची घडी घातली, वाटीतल्या स्क्रूंखाली दाबून ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मिनल म्हणाली, "चहा ठेवते नं आजी." मी नको म्हणाले.

घरी येऊन सोळा जुलैचं पान काढलं. खोडलं नाही. खाली आजची तारीख घालून लिहिलं, 'ते हिवश्यांचं पत्र होतं.' मग मागची पानं चाळली. 'हे म्हणाले', 'हे म्हणाले', जवळजवळ प्रत्येक पानावर. ऐकलं तसं लिहिलेलं. त्यातलं खरं किती, हे विचारायला आता घरात कुणी नाही.