भरिताचं आमंत्रण मागे घेताना

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, आणि चहाचा कप जरा खाली ठेवा. कारण मी जो घोळ घातला, तो साधासुधा नाही. मी अर्ध्या खानदेशाला जेवायला बोलावलं! तेही दुसऱ्याच्या शेतात आणि दुसऱ्याच्या नावानं.

थांबा, पहिल्यापासून सांगतो.

धुळ्यात देवपूरला नानांची कंपनी आहे. खतं-बियाणं विकणाऱ्या दुकानांसाठी ते बिलं करायचं सॉफ्टवेअर बनवतात. धुळ्या-जळगावच्या कितीतरी कृषी केंद्रांत तेच चालतं. ऑफिस दोन मजली. वरच्या मजल्यावर वैशालीताई आणि त्यांची माणसं, ती प्रोग्राम लिहिणार. खालच्या मजल्यावर दिलीपभाऊ आणि त्यांची माणसं, ती तो प्रोग्राम दुकानांत चालता ठेवणार. मधे एक जिना. त्या जिन्यावरून चहाच्या कपांशिवाय काहीही खाली-वर जात नसे.

एखाद्या दुकानात बिल अडकलं की खालचे म्हणणार, "वरच्यांनी काहीतरी भलतंच लिहून ठेवलंय." वरचे म्हणणार, "आमच्याकडे तर मस्त चालतंय, खालच्यांचं मशीन बघा." तिकडे शेतकरी युरियाच्या गोणीवर बसून बिलाची वाट बघतोय, त्याचं कोणाला काय!

आणि वरून नवीन काही तयार होऊन आलं, की दिलीपभाऊ ते आठवडा-आठवडा दाबून ठेवणार. का? तर म्हणे, "मुरू द्या जरा." अहो, सॉफ्टवेअर आहे का कैरीचं लोणचं?

हा सगळा गुंता सोडवायला नानांनी कोणाला बोलावलं असेल? बरोबर! मला.

मी मूळचा जळगावचा, पण पुण्याच्या मोठ्या कंपनीत हेच काम करून आलेला. लिहिणाऱ्यांनी आणि चालवणाऱ्यांनी एकत्र बसायचं, बदल छोटे छोटे करायचे, ते मशीननंच तपासायचे आणि लगेच दुकानात पोचवायचे. तिकडे याला डेव्हऑप्स म्हणतात. मी नानांना तासभर समजावून सांगितलं. नाना म्हणाले, "नाव काहीही ठेव रे प्रशांत. माझी गिऱ्हाइकं टिकली पाहिजेत."

त्यांची काळजी खरी होती. नाशिकची एक कंपनी आमच्या दुकानदारांच्या मागे हात धुऊन लागली होती. सगळा खेळ होता एरंडोलच्या आबांवर. आबांचं कृषी केंद्र मोठं, वय मोठं, आणि दुकानदारांत शब्द त्याहून मोठा. आबा तिकडे गेले की मागून सगळे जाणार, आणि नानांना शटर ओढावं लागणार. आबा त्याच आठवड्यात काय ते ठरवणार होते.

"नाना, निर्धास्त राहा," मी म्हणालो. मी असं म्हटलं की लोकांचा रक्तदाब का वाढतो, मला अजून समजलेलं नाही.

लागलो कामाला. माझा पहिला नियम असा, की चाचणीचं मशीन हुबेहूब खऱ्या मशीनसारखं पाहिजे. दिलीपभाऊंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "हुबेहूब म्हणजे किती हुबेहूब, साहेब?"

"इतकं, की ठेवलं शेजारी तर खरं कुठलं ते ओळखू येऊ नये!"

आणि मी खऱ्या मशीनवरची सगळी माहिती उचलून चाचणीच्या मशीनवर ओतली. सगळी म्हणजे सगळी. दुकानांची नावं, मालकांची नावं, त्यांचे मोबाईल नंबर. आलं ना तुमच्या लक्षात? बघा, तुमच्या आलं. माझ्या नाही आलं.

दुसरा नियम, कुठलीही आवृत्ती चालू झाली की ऑफिसातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर आपोआप निरोप जाणार. आणि तिसरी माझी लाडकी गोष्ट, म्हणजे "मागे" नावाचं बटण. काही बिघडलं तर ते दाबायचं, की आधीची आवृत्ती जागेवर! "चूक झाली तरी झाली नाही असं करता येतं," मी सगळ्यांना सांगितलं. दिलीपभाऊ म्हणाले, "असं असतं तर मी लग्नाआधीच एक बटण बसवून घेतलं असतं."

थंडीचे दिवस होते. आपल्याकडे थंडी पडली की माणसाला दोनच गोष्टी सुचतात, शेकोटी आणि भरीत. मला वाटलं, वरच्या आणि खालच्या मजल्याला एकत्र आणायचं तर भरीत पार्टीसारखा उपाय नाही. नानांचं शेत गावाबाहेर आहेच. नाना तयार झाले. मग मी म्हटलं, चाचणीचा निरोप म्हणून हेच आमंत्रण पाठवू या. एका दगडात दोन पक्षी!

सगळ्यांना खालच्या मजल्यावर जमवलं. पडद्यावर निरोप दिसत होता: "शनिवारी संध्याकाळी आमच्या शेतात भरीत पार्टी. सर्वांनी सहकुटुंब यावे. आपला, नाना." मी टाळ्यांची वाट बघतच नवीन आवृत्ती चालू करायचं बटण दाबलं.

कोणाचाच फोन वाजला नाही.

"नेटवर्क," मी म्हणालो.

तेवढ्यात नानांचा फोन वाजला. निरोप नव्हता, खराखुरा फोन होता. साक्रीचे एक दुकानदार. "नाना, शनिवारी काय विशेष? लेकीचं ठरलं का?" तो ठेवला, तर शिरपूरहून दुसरा. मग पारोळ्याहून. मी ओतलेल्या माहितीत ऑफिसचे नंबर नव्हतेच, होते ते दुकानदारांचे; निरोप त्यांना गेला होता! नाना प्रत्येकाला "हो हो, बघू, बघू" म्हणत होते आणि माझ्याकडे बघत होते. तसं बघणं मी एकदाच पाहिलंय, बारावीच्या निकालाच्या दिवशी वडिलांचं.

"काही काळजी नाही!" मी म्हणालो. "यासाठीच तर आपण ते बटण बसवलंय." आणि कोणी हात धरायच्या आत "मागे" दाबलं.

आधीची आवृत्ती झटक्यात जागेवर आली. आणि आवृत्ती कुठलीही असो, चालू झाली की निरोप जाणार हा नियम कोणाचा? माझा! तेच आमंत्रण पुन्हा एकदा सगळ्यांना गेलं.

दिलीपभाऊ खुर्चीत बसले. म्हणजे पडलेच. "साहेब, काय केलं हे? पहिलं बोलावणं रीतीचं राहतं. त्याला कोणी येत नाही. माणूस दुसऱ्या बोलावण्याची वाट बघतो. दोनदा बलावं ना, मंग येनंच पडी!"

खरं सांगा, यात काही खोटं आहे का? आपल्याकडे एका बोलावण्यावर जेवायला गेलेला माणूस भुकेला समजतात. आणि दोनदा बोलावून न गेलेला, शिष्ट. मी तर पाव तासाच्या आत दोनदा आग्रह केला होता.

मी तिसरा निरोप टाइप करायला घेतला, "कार्यक्रम रद्द." वैशालीताईंनी माझ्या पुढ्यातला कीबोर्डच उचलून नेला. "मशीनला हात लावायचा नाही. फोन करा. आधी आबांना."

ठीक! बोलण्यात आपण कधी कमी पडलोय? लावला आबांना फोन. "आबा, मी नानांच्या ऑफिसातून प्रशांत बोलतोय. शनिवारच्या जेवणाचा निरोप आला ना, त्याच्याबद्दल—"

"आरे भाऊ, तू फोन करा हाई लई चांगलं करं! मोबाईलना निरोपवर कोणी जेवाले जास का? मी आमनी अक्काले तेच सांगी राहिंतू, का नानाकडथून फोन उना म्हणजे जाऊत."

म्हणजे माझा फोन आला हेच खरं आमंत्रण! "नाही आबा, मी सांगणार होतो की—"

"कितला जन येऊत तेच ना? बठ्ठा येतस आम्ही! गावमाना बाकीना दुकानदार बी शेतस. त्यास्ले मी सांगी देस."

म्हणजे घरचे सगळे येणार, वर गावातल्या बाकीच्या दुकानदारांनाही सांगणार! आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर लागेना. आबा बाकीच्यांना सांगण्यात गुंतले होते.

आता मात्र नानांचा आवाज चढला. "आबांना बोलावून दारातून परत पाठवलं, तर नाशिकवाल्याला यायचीसुद्धा गरज नाही! समोरासमोर जाऊन सांगा, पाया पडा, पण सांगा." मी लगेच उठलो. नाना म्हणाले, "तू नाही! तू इथेच बस. हात मांडीवर ठेवून."

मग गेलं कोण? वरच्या मजल्याच्या वैशालीताई आणि खालच्या मजल्याचे दिलीपभाऊ. एका गाडीत! ज्या दोघांनी कधी एका टेबलावर डबा उघडला नव्हता, ते एकत्र एरंडोलला निघाले. मी मनात म्हटलं, बघा, एकत्र काम करणं सुरू झालं की नाही?

दुपार कलली तेव्हा परत आले. वैशालीताईंच्या हातात नारळ आणि ब्लाऊजपीस, दिलीपभाऊंच्या डोक्यावर कोरी पांढरी टोपी.

नानांनी कपाळाला हात लावला. "सांगितलं का नाही?"

"सांगणारच होतो," दिलीपभाऊ म्हणाले. "पण अक्कांनी आधी ताईंची ओटीच भरली. आबांनी मला टोपी घातली. म्हणाले, घरी येऊन आमंत्रण द्यायची रीत आता कोण पाळतं! डोळे भरून आले हो त्यांचे. त्यावर काय बोलणार, की येऊ नका?"

म्हणजे हिशेब बघा. निरोप पाठवला, आठवण करून दिली, फोन केला आणि शेवटी दोन माणसं घरी धाडली. एखाद्याच्या सख्ख्या भाच्याच्या लग्नाचं आमंत्रणसुद्धा इतकं रीतसर होत नाही. आणि हे सगळं आम्ही आमंत्रण रद्द करायला केलं होतं!

नाना म्हणाले, "बोलावलंय ना? मग जेवू घालू. वांगी आणा."

शनिवारी नानांच्या शेतात जी धांदल उडाली, काय विचारता! वांग्यांचे ढीग, कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ आणि धूर असा की पार फागणे गावापर्यंत दिसला असेल. वरचा मजला वांगी भाजायला, खालचा मजला सोलून ठेचायला. पहिल्याच घाण्याला भांडण! ठेचणारे म्हणाले, "कच्ची येताहेत." भाजणारे म्हणाले, "आमच्याकडे तर व्यवस्थित भाजली होती." अगदी ऑफिसातलंच वाक्य!

शेवटी वैशालीताई उठून ठेचणाऱ्यांत जाऊन बसल्या आणि दिलीपभाऊ जाळापाशी आले. मग थोडी थोडी वांगी भाजायची, लगेच दाबून बघायची, लगेच पुढे द्यायची. गाडी लागली रुळाला. मला राहवेना. मी ओरडलो, "हेच! हेच मी आल्यापासून सांगतोय तुम्हाला!"

दिलीपभाऊ जाळातून मान वर न करता म्हणाले, "तू गप ऱ्हाय आणि कांद्याची पात चिर." साहेबाचा "तू" झाला, तो त्या दिवशी.

आणि माणसं आली हो! जीप भरून आली, ट्रॅक्टरवर बसून आली, सहकुटुंब म्हटलं होतं ना, तर शेजाऱ्यांनाही कुटुंबात धरून आली. आबा अक्कांना घेऊन सगळ्यांच्या पुढे. मी आलेली माणसं मोजत होतो, भरिताचं पातेलं बघत होतो आणि पुन्हा माणसं मोजत होतो. भरीत कमी पडलं, कोणी उपाशी उठलं, तर नानांची इतक्या वर्षांची मेहनत माझ्या एका बटणापायी मातीत जाणार होती. मी हुशार आहे, ते खरंच. पण त्या संध्याकाळी मी मनातल्या मनात पद्मालयाच्या गणपतीला नवस बोललो.

पण भरीत पुरलं. पुऱ्या पुरल्या. आबा हात धुऊन खाटेवर बसले, ढेकर दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "नाशिकवालानी नुसता निरोप धाडा, का आमनं घ्या. नानानी निरोप धाडा, आठवण करी, फोन करा, मंग मानसे घर धाडात. असा मानूसले सोडीसन कोठे जावानं?"

संपला विषय! एकही दुकानदार हलला नाही. मी हळूच नानांजवळ जाऊन म्हणालो, "म्हटलं नव्हतं, निर्धास्त राहा?" त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. मी दोन पावलं मागे सरकलो.

सोमवारी नानांनी जाहीर केलं, नवी पद्धत चालू राहणार. ऑफिसातल्या कोणीही बदल करावा, मशीननं तपासावा आणि कोणाची परवानगी न घेता थेट दुकानात पोचवावा. मुरत ठेवायचं बंद! मी छाती फुगवून माझ्या जागेवर बसलो, मशीन उघडलं आणि बघतो तर माझ्या बटणाला कुलूप. खाली लिहिलेलं: "प्रशांत यांच्यासाठी वैशाली आणि दिलीप, दोघांची मंजुरी आवश्यक."

ते कुलूप वरच्या मजल्यानं लिहिलं होतं, खालच्या मजल्यानं बसवलं होतं, मशीननं तपासलं होतं आणि एका सकाळीत चालूसुद्धा झालं होतं. एक चूक नाही त्यात! अगदी मी शिकवलं तसं.

अजून आहे ते कुलूप. परवा मी दुकानदारांसाठी साधा निरोप लिहिला: "रविवारी दुपारी बारा ते दोन सॉफ्टवेअर बंद राहील." दिलीपभाऊंनी नामंजूर करून परत पाठवला. खाली शेरा होता, "वेळ जेवणाची आहे. बदल. लोक येतील."